गावकीच्या खोलीतला खोकला

नंदकुमार घाडी खोकायला लागला की आधी बाळा मेस्त्री कूस बदलायचा, मग भिंतीकडचा कोणीतरी डोक्यावर चादर ओढायचा, आणि बघता बघता सगळी खोली जागी व्हायची. जागी व्हायची, पण बोलायची नाही. काळोखात ओळीने पडलेली माणसं डोळे मिटून एकमेकांना झोपेचं सोंग दाखवायची आणि त्या सोंगावरून नंदकुमारचा खोकला खडीवरून गाडा जावा तसा जायचा. शेवटी तोंडात टॉवेलचा बोळा धरून तो उठायचा, दार ओढून घ्यायचा आणि चाळीच्या पायरीवर जाऊन बसायचा. छातीत कोणीतरी ओला सुंभ पिळत असल्यासारखं वाटायचं. श्वास आत जायचा तो कसाबसा, आणि बाहेर पडताना शिटी वाजवायचा.

खोली कोणा एकाची नव्हती. देवगडकडच्या सडेवाडीची होती. गिरण्या चालू होत्या त्या काळात गावच्या बाप्यांनी वर्गणी काढून परळला एक खोली घेतली होती. ती चाळ टॉवरच्या पोटात गेली तेव्हा गावकीने घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर ही घेतली. नियम मात्र परळहून जसेच्या तसे आले. गावातल्या प्रत्येक घराला एका माणसाच्या पथारीचा हक्क. ट्रंक माळ्यावर, कपडे खुंटीला. देवीच्या तसबिरीकडे पाय करून झोपायचं नाही. बाईमाणूस मुक्कामाला आणायचं नाही. आणि ज्याला मुंबईत कामधंदा आहे त्यानेच राहायचं. काम सुटलं तर थोडे दिवस सवलत, मग गावची वाट धरायची.

घाडींच्या घराची पथारी नंदकुमारकडे बापाकडून आली. बाप गिरणीत होता, हा प्लास्टिकमध्ये लागला. लग्न झालं, पण मालनला ठेवायला मुंबईत जागा नव्हती, त्यामुळे त्याचा संसार मे महिन्यात आणि गणपतीत झाला. मूल झालं नाही. मालन जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. गावच्या घरात भाऊ, भावजय, त्यांची पोरं; तिथं तो चहा विचारला जाणारा पाहुणा. हक्काचं म्हणावं असं त्याच्याकडे जगात एकच उरलं होतं. बाळा मेस्त्री आणि खिडकी यांच्या मधली अडीच हात फरशी.

तीच आता खोकल्यापायी जाणार असं दिसत होतं.

नंदकुमारचा कारखाना म्हणजे साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला लांबट गाळा. बागेत पाणी घालायचे मऊ पाईप तिथं बनायचे. तो मिक्सरवर होता. पीव्हीसीची पांढरी पावडर, खडूची पावडर, तेल, रंग आणि मशीनमध्ये माल जळू नये म्हणून घालायची कसलीशी भुकटी, हे सगळं तो पिंपात ओतायचा. पिंप गरगर फिरायचं, माल तापायचा आणि झाकण उघडलं की गरम ढग थेट तोंडावर यायचा. जेवायच्या सुट्टीपर्यंत तो पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखा पांढरा झालेला असायचा, पापण्यांसकट. पलीकडच्या मशीनमधून शेवयांच्या साच्यातून यावा तसा पाईप बाहेर पडायचा. कधी माल आत अडकून करपला की आंबट, नाकात टोचणारा धूर गाळ्यात भरायचा आणि सगळे हसत हसत बाहेर पळायचे. नाकातोंडाला रुमाल बांधायची पद्धत होती. संध्याकाळी शेठकडून प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात जाते, पोटातली सकाळी जाते, असा सगळ्यांचा पक्का विश्वास होता. नंदकुमारचाही.

आणि खरोखरच, गाळ्यात तो कधी खोकला नाही. सकाळी कामाला लागला की छाती मोकळी. संध्याकाळी गूळ चघळत असल्फ्याचा चढ चढून यायचा, तेव्हाही मोकळी. जेवण व्हायचं, गप्पा व्हायच्या, पथाऱ्या पडायच्या, आणि मग तो सुंभ पिळायला लागायचा. गावी गेला की पहिल्या एकदोन रात्री जरा त्रास, पुढे खोकला म्हणजे काय ते आठवायचंही नाही. मुंबईला परतून कामावर रुजू झालं, खोलीत आडवं झालं, की हा हजर.

नंदकुमारने यातून सरळ हिशेब काढला होता. कामावर नाही, गावी नाही, फक्त खोलीत होतो. म्हणजे खोलीतच काहीतरी आहे.

आधी त्याने उशी बदलली. मग डासांची कॉइल लावायची नाही असं सगळ्यांना विनवलं. भिवा परब नावाचे एक म्हातारे देवीपुढे सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती लावायचे. त्यांनी देवीला हात जोडून "आई, रागावू नको" म्हटलं आणि नंदकुमारसाठी ती बंद केली. खिडकीकडची ओल लागत असेल म्हणून बाळाने त्याच्याशी जागा बदलून पाहिली. कशानेच फरक पडला नाही. मग खोलीला वेगळी शंका आली. ती कोणी तोंडाने बोलून दाखवली नाही. नंदकुमार पालिकेच्या दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून आला, क्षय नाही असं निघालं, त्याने ते सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, चांगलं झालं. आणि दोन दिवसांनी पाणी पिताना त्याच्या लक्षात आलं, की एका स्टीलच्या ग्लासाच्या बुडाला कोणीतरी खिळ्याने रेघ ओढली आहे, आणि तोच ग्लास प्रत्येक वेळी आपल्या हातात येतो आहे.

रविवारी सकाळी गावकीची बैठक बसली. सिद्धेश हा मंडळाचा सेक्रेटरी, मुलुंडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा तरुण माणूस. तो आल्यावर आधी गावच्या शाळेच्या पत्र्यांवर बोलणं झालं, मग देवळाच्या रंगावर. मग सगळे फरशीकडे बघायला लागले.

"काका," सिद्धेश म्हणाला, "तब्येत कशी आहे आता?"

"बरी आसा."

"खंय बरी?" कोपऱ्यातून कोणीतरी बोललं. "आमका सकाळी ड्युटी आसता. रात्रभर डोळ्याक डोळो नाय."

"तो काय मुद्दाम खोकता रे?" बाळा उसळला. "तू घोरतंस तेव्हा मी बोलतंय काय? घोरतंस म्हणजे नुसतो रेडो!"

सगळे हसले. नंदकुमारही हसला. हसता हसता त्याला ढास लागली आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

सिद्धेश चाचरत म्हणाला, "काका, तुमचा हक्क कोण काढून घेत नाही. फक्त, काही दिवस कुठे दुसरीकडे..."

नंदकुमारने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा आपण बोललेलं बरं. "मी कारखान्यात झोपतंय," तो म्हणाला. "थंय माका बरां वाटतां. थंय खोकलो येणाच नाय."

खोलीने श्वास सोडला. तो आवाज त्याने नीट ऐकला.

बाळा मात्र पायरीपर्यंत मागोमाग आला. "तुका कोणी सांगल्यान जा म्हणान? कित्याक शहाणपणा केलंस?"

"अरे, बरो झालंय की येतंय. पथारी बघ माझी."

"पथारी काय पळान जातली?" बाळा म्हणाला आणि रागाने आत गेला.

गाळ्याचा मॅनेजर प्रितम खूश झाला. फुकटचा राखणदार मिळाला. "बिनधास्त झोप नंदू," तो म्हणाला, "पंखा पण लाव. फक्त विडी नाय पेटवायची." पावडरच्या भरलेल्या गोण्या ओळीने रचल्या की छान उंच पलंग व्हायचा. नंदकुमारने त्यावर चादर पसरली. डोक्याशी मिक्सर, पायाशी पाईपांची भेंडोळी. दिवसभर भणभणणारी मशीनं बंद झाली की गाळ्यात इतकी शांतता व्हायची, की तिचा दाब कानांवर यायचा. खोलीत कोणाचा तरी हात अंगावर पडायचा, कोणी झोपेत गावच्या बैलाला हाका मारायचं. इथं गोणीतली पावडर अंगाखाली हळूच सरकायची, तेवढीच काय ती कोणाची तरी हालचाल.

खोकला तिथंही आला. पहिल्याच रात्री आला. पण नंदकुमारने स्वतःची समजूत काढली, की हा खोलीतला जुना खोकला आहे, निघता निघता निघेल. गावी नाही का पहिल्या दोन रात्री त्रास होत? तो वाट बघत राहिला. आता निदान कोणाची झोपमोड नव्हती. टॉवेलचा बोळा लागत नव्हता. हवं तेवढं, हव्या त्या आवाजात खोकायला मुभा होती, आणि एवढी मुभा आपल्याला कधीच नको होती हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं.

खोकला निघाला नाही. उलट दिवसाही येऊ लागला. पूर्वी सकाळी मोकळी होणारी छाती आता दुपारपर्यंत आवळलेली राहायची. गोणी उचलून पिंपापर्यंत नेताना मध्ये टेकावं लागायचं. रविवारी तो असल्फ्याला जायचा, पण चढ चढायला इतका वेळ लागायचा, की खोलीत पोचेपर्यंत ताटं धुऊन झालेली असायची. बाळा त्याच्यासाठी बांगड्याचं तिखलं झाकून ठेवायचा. "बरां आसा मा थंय?" तो विचारायचा. "झकास," नंदकुमार सांगायचा. दुसरं काय सांगणार? थंय बरां वाटतां असं भर बैठकीत आपणच बोललो होतो.

एके दिवशी मशीनमध्ये माल करपला. सगळे नेहमीसारखे हसत बाहेर पळाले. नंदकुमारही निघाला, पण दरवाज्यापर्यंत पोचला नाही. पिंपाला धरून तो खाली बसला. तोंड उघडं होतं, मान ताणलेली होती, आणि हवा म्हणून जे काही असतं ते कोणीतरी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर धरून ठेवलं होतं. प्रितमने त्याला रिक्षात घातलं आणि पालिकेच्या इस्पितळात आणून सोडलं.

ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलायला बसल्या. क्षमा त्यांचं नाव. घाईत होत्या, पण प्रश्न सावकाश विचारत होत्या.

"खोकला कधी येतो?"

"रात्री. आता दिवसापण."

"आणि कधी येत नाही?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. "गावी नाही येत म्याडम. आणि आधी कामावर नाही यायचा. पाईपच्या कंपनीत मिक्सिंगला आहे मी. तिथं बरं असायचं. म्हणून तर तिथंच झोपायला गेलो."

बाईंनी मान वर केली. "कुठे झोपायला गेलात?"

"गाळ्यात. पावडरच्या गोण्यांवर."

त्यांनी हातातला केसपेपर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काही माणसांच्या छातीला ती पावडर, तो करपलेला धूर मानवत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एकदा सुरू होतं. पण छाती लगेच तक्रार करत नाही. कामावर असताना गप्प असते. काही तासांनी आवळायला लागते. तोवर माणूस घरी पोचलेला असतो, मग त्याला वाटतं, घरातच काहीतरी आहे."

नंदकुमार ऐकत होता. त्याला उशी आठवली. जागा बदलून ओलीत झोपलेला बाळा आठवला. देवीपुढे हात जोडणारे भिवा परब आठवले. खोलीने काही केलं नव्हतं. तोच रोज संध्याकाळी गाळा छातीत भरून आणत होता आणि खोलीच्या नावाने बोटं मोडत होता.

"ते काम सोडावं लागेल," बाई म्हणाल्या. "हा पंप देते, तो कसा ओढायचा ते सिस्टर दाखवतील. पण पंप ओढायचा आणि पुन्हा त्या पावडरीत उभं राहायचं, याला काही अर्थ नाही."

"दुसऱ्याला लागतो काय हा?"

"काय?"

"खोकला. शेजारी झोपणाऱ्याला."

"नाही हो. कोणालाच लागत नाही."

"तसं जरा कागदावर द्याल?" नंदकुमार म्हणाला. नोकरीचं काय, पुढे काय, हे तो नंतर विचारणार होता. आधी त्याला एवढंच हवं होतं.

तो कागद सिद्धेशने खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. मग कोणी काही म्हणायच्या आत बाळाने तो रेघेचा ग्लास उचलला, पायरीवर नेला आणि दगडाने ठेचून चपटा करून टाकला. "ह्यो आता भंगारात जातलो," तो म्हणाला. खोलीत कोणी वर बघितलं नाही. नंदकुमार पुन्हा बाळा आणि खिडकी यांच्या मध्ये झोपू लागला. पहिले काही दिवस खोकला यायचा, मग रात्रीआड, मग एखाद्या रात्री नुसती खाकर. छातीतला सुंभ कोणीतरी उन्हात वाळत घातल्यासारखा सैल होत गेला. भिवांनी एका संध्याकाळी घाबरत घाबरत अगरबत्ती लावली. काही झालं नाही. सडेवाडीच्या खोलीत चंदनाचा वास पुन्हा राहायला आला.

पण बरा होत होता तो कामावर जात नव्हता म्हणून, आणि कामावर न जाणाऱ्याला ती खोली नव्हती. सिद्धेश रविवारी आला, बराच वेळ मोबाईलशी चाळा करत बसला, आणि मग म्हणाला, "काका, नियम काही मी केलेला नाही." नंदकुमारने मान हलवली. नियम त्याला ठाऊक होता. त्याच नियमाने गावी परत पाठवलेल्यांच्या ट्रंका त्याने स्वतः माळ्यावरून खाली उतरवल्या होत्या.

तो साकीनाक्याला गेला. गाळ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि प्रितमला बोलावून घेतलं. "मला पॅकिंगला टाका," तो म्हणाला.

"पॅकिंग कुठे वेगळीकडे आहे काय रे? एकच गाळा, एकच हवा," प्रितम म्हणाला. बोलण्यात वाईटपणा नव्हता. "मास्क देतो ना तुला. तो डॉक्टर लोक घालतात तसला."

नंदकुमारने नाही म्हटलं. आपली चादर तेवढी मागून घेतली. ती आणून देणारा माणूस नवा होता, पापण्यांसकट पांढरा. धम्मपाल नाव सांगितलं. मिक्सर आता त्याच्याकडे होता.

"खोकला येतो?" नंदकुमारने विचारलं.

"इथं? छे! इथं काय होतंय?" धम्मपाल हसला. "रात्री घरी जरा घसा धरतो. आमच्या गल्लीत कचरा जाळतात ना, साले."

नंदकुमारने त्याचा हात धरला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते सगळं, जमेल तसं, त्याला सांगितलं. छाती उशिरा बोलते हे सांगितलं. गोण्यांचा पलंग सांगितला. धम्मपालने मान डोलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वयाने मोठ्या माणसाचं ऐकतात तसं. "बघतो काका," म्हणाला, आणि आतून हाक आली तसा गेला. थोड्याच वेळात झाकण उघडल्याचा आवाज झाला. नंदकुमारने श्वास रोखला आणि वाट धरली.

काम बाळानेच शोधलं. पंतनगरला नवा टॉवर झाला होता, वॉचमन हवा होता. "पण नवीन माणसाक रातपाळीच देतत," बाळा म्हणाला. "चलात?"

"धावात," नंदकुमार म्हणाला. पथारी वाचत होती.

आता तो सकाळी परततो तेव्हा खोलीतली माणसं डबे भरून बाहेर पडत असतात. जिन्यात गाठ पडते. "झोप झाली?" असं ते सवयीने विचारतात, मग चूक लक्षात येऊन हसतात. ते गेले की सगळी फरशी त्याची. देवीसमोर, पंख्याखाली, कुठेही हातपाय पसरावेत. तो आपल्याच अडीच हातांत चटई टाकतो. दुपारी शेजारच्या बाया पापड वाळत घालतात, कोणाचा तरी टीव्ही चालू असतो, उजेड डोळ्यांवर येतो. छाती आता मुकाट वरखाली होते, शिटी नाही, घरघर नाही. ते ऐकायला खोलीत कोणी नसतं. संध्याकाळी माणसं येऊ लागतात तेव्हा तो युनिफॉर्मची बटणं लावत असतो.

एकदा बाळाला त्याने मुद्दाम सांगितलं, "आता अजिबात खोकत नाय हां मी."

"बरां झालां," बाळा म्हणाला, आणि साबण घेऊन नळावर गेला.

आठवड्याची सुट्टी मिळते त्या दिवशी तो सगळ्यांबरोबर जेवतो, बाळाच्या थट्टेला दोन उत्तरं देतो, पथाऱ्या पडेपर्यंत बसतो. परवाच्या सुट्टीला चटई घेऊन तो आपल्या जागेपाशी आला तर बाळाची पथारी ऐसपैस पसरून खिडकीला टेकली होती. रोज मोकळी राहणारी जागा, तिच्यावर नकळत अंथरूण सरकतं. त्यात कोणाचा दोष नव्हता.

"अरे, तू आज आसंस काय!" बाळा गडबडीने उठला. "सवय झाली रे. थांब, सरकतंय."

"ऱ्हवांदे."

"ऱ्हवांदे काय? तुझी जागा आसा ती." बाळाने पथारी ओढून घेतली, पण पूर्वीइतकी नाही. हातभर.

नंदकुमार त्यात कुशीवर मावला. दिवा बंद झाला. ओळीतली माणसं एकेक करून झोपेत गेली, खरीखुरी, सोंगाशिवाय. त्याला रात्रीची झोप आता येत नव्हती. तो बाळाच्या पाठीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, सावकाश, बिनआवाजाचा श्वास घेत पडून राहिला.